वस्तऱ्याच्या मुठीवरचे नक्षीदार वायसर: खरे की नंतरचे?

सोलापूरच्या मंगळवार बाजारातून आणलेला वस्तरा इंग्लंडमधल्या शेफील्डचा, मूठ काळ्या शिंगाची, दोन रिव्हेट आणि त्यांवर पाकळ्यांचे वायसर. विकणारा म्हणाला, चांदीचे आहेत. असे वायसर बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. तांबं, निकेल, जस्त, चांदीचा अंशही नाही. सराफाकडे कसाला लावायची गरज पडली नाही.

पुसण्याआधी बघायचं, हा माझा नियम, कारण मळ हाच पुरावा. आधी लोहचुंबक लावला. चिकटला असता तर मुलामा दिलेलं लोखंड. मग घड्याळजीचं दहापटीचं भिंग घेतलं. पाकळ्यांची टोकं सगळ्यात आधी झिजतात. तिथे पिवळं दिसलं तर आत पितळ. इथे झिजलेल्या जागीही रंग पांढराच होता.

खरी मेख पुढे आहे. पातं ज्या रिव्हेटवर फिरतं, तो सैल होतो, मूठ दुरुस्त करताना तोच काढला जातो. दुसऱ्या टोकाला मुठीच्या दोन फळ्यांमध्ये पाचर असते; तिच्याजवळचा रिव्हेट सहसा कुणी छेडत नाही. म्हणून पाचरीकडचा वायसर प्रमाण धरायचा आणि फिरत्या टोकाचा त्याच्याशी ताडायचा. व्हर्नियरने चारही वायसरांचा व्यास मोजला. पाचरीकडची जोडी सारखी. फिरत्या टोकाची जोडी किंचित लहान, आणि तिच्याभोवती शिंगावर फिकट कडं, म्हणजे पूर्वी तिथे मोठा वायसर होता. रिव्हेटची तार साधारण १.६ मिमी असते, जुनी आणि नवी दोन्ही, त्यामुळे जाडीवरून काही ठरत नाही. डोकं मात्र बोलतं: जुनं हलक्या ठोक्यांनी गोल बसवलेलं, इथलं चपटं आणि हातोडीच्या खुणांचं. जास्त ठोकल्यामुळे भोकापासून कडेकडे बारीक चीरही गेली होती.

वायसरच्या नक्षीवरून साल काढणाऱ्यांवर माझा विश्वास नाही; तीच नक्षी बरीच वर्षं चालली. पात्याच्या मानेवरचा ठसा जास्त कामाचा. अमेरिकेच्या १८९० च्या आयातकर कायद्याने मालावर देशाचं नाव बंधनकारक झालं, म्हणून 'इंग्लंड' असेल तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा. नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, माल इतर देशांतही जायचा.

मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची, असती तर पातं वेगळं ठेवलं असतं. सेल्युलॉइड कुजताना निघणाऱ्या आम्लाने पोलाद गंजतं. शिंगाला सोलापूरचा उन्हाळा सोसत नाही, मूठ वाकते. वायसर कोरड्या टूथब्रशने झाडले, पॉलिश लावलं नाही. त्याची पांढरी पूड पाकळ्यांच्या खाचेत अडकते, निघत नाही.