पॅप नॉर्मल आला म्हणजे अस्तर तपासलं असं नाही

पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि नंतर डाग दिसला, अगदी एकच, फिकट गुलाबी, तरी तपासणी हवी. ‘उष्णता वाढली असेल’ म्हणत दुसऱ्या डागाची वाट बघू नये. अशा दहाजणींपैकी साधारण नऊजणींना कॅन्सर नसतो. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झालेल्या बहुतेकींची पहिली खूण हीच असते.

पहिली गफलत पॅपची. ती पिशवीच्या तोंडाची तपासणी. आतल्या अस्तराचं त्यातून क्वचितच काही कळतं.

इथे हवी ती खालून, म्हणजे योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी. पोटावरच्या सोनोग्राफीसाठी बाटलीभर पाणी पिऊन बसवतात. हिच्यासाठी उलट, लघवी करून मगच टेबलावर. रिपोर्टमध्ये ‘ईटी’, म्हणजे अस्तराची जाडी, शोधा. पिशवीच्या उभ्या छेदात अस्तर सर्वांत जाड असेल तिथे, दोन्ही थर मिळून घेतलेलं हे माप. मध्ये पाणी साचलं असेल तर ते वगळतात. रक्त गेलेलं असून ईटी 4 मिमी किंवा कमी असेल, तर कॅन्सरची शक्यता 1 टक्क्याहून कमी.

हा आकडा पाळी गेलेल्यांसाठीच. पाळी चालू असताना तारखेच्या आधी 12 मिमीही नॉर्मल असू शकतं. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरचं औषध घेणाऱ्यांत अस्तर मुळातच जाड दिसतं, तिथे आकडा फसवतो. फायब्रॉइडमुळे (पिशवीच्या स्नायूतली साधी गाठ) अस्तर झाकलं गेलं, तर ‘नीट दिसलं नाही’ असं लिहिणारा रिपोर्ट ओढूनताणून आकडा देणाऱ्यापेक्षा बरा. आणि सीरस जातीचा कॅन्सर पातळ अस्तरातही असतो. म्हणून ईटी 3 असूनही पुन्हा रक्त गेलं, तर अस्तराचा तुकडा तपासायलाच हवा.

तो पिपेलने घेतात: सुमारे 3 मिमी जाडीची मऊ प्लास्टिकची नळी, आत दट्ट्या. नळी आत सरकवून दट्ट्या ओढला की आत पोकळी तयार होते. मग नळी गोल फिरवत मागेपुढे करतात आणि अस्तर आत खेचलं जातं. मिनिटभराचं काम, भूल लागत नाही, पाळीसारखी कळ मात्र येते. नमुना लगेच फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रावात, जायला हवा. नुसत्या सलाइनमध्ये तासन्‌तास राहिला तर पेशी खराब होतात.

वयामुळे पिशवीचं तोंड आक्रसलेलं असेल तर नळी शिरतच नाही. गाठ एका कोपऱ्यात किंवा पॉलिपमध्ये (अस्तरावर वाढलेला कोंब) असेल तर नळी बाजूने निघून जाते. ‘नमुना अपुरा’ म्हणजे ‘नॉर्मल’ नव्हे. अस्तर जाड आहे किंवा रक्त थांबत नाही, तर पुढची पायरी हिस्टेरोस्कोपी: दुर्बिणीतून बघून, नेमक्या जागेचा तुकडा.

तुकड्याचा रिपोर्ट येण्याआधीच ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाला तर थांबा. कॅन्सर निघाला तर ऑपरेशनचा बेतच बदलतो, आणि तो आधी ठरलेला बरा. परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये दाखवायचं झालं तर रिपोर्टचा कागद पुरत नाही. पहिल्या लॅबमधून स्लाइड आणि तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉक, दोन्ही मागून घ्या.