बोटावरचा एक थेंब

मागच्या पावसाळ्यात भाच्याले ताप आला न ताई लगेच म्हणे, डब्यात अझिथ्रोमायसिनची, म्हणजे अँटिबायोटिकची, एक गोळी उरली आहे, तीच देऊन टाकते. तेवढ्यात आशाताई आल्या, पोराच्या बोटाला टोचलं, थेंब पट्टीवर टाकला, वरून औषधाचे थेंब टाकले आणि आम्ही सगळे ओसरीवर बसून त्या पट्टीकडं पाहत राहिलो. पंधरा-वीस मिनिटांत एकच लाल रेघ, म्हणजे मलेरिया नाही.

पण खरी अडचण इथूनच सुरू होते बघा, मलेरिया नाही म्हटलं की लोक थेट अँटिबायोटिककडं वळतात, ताप व्हायरल असला तरी, आणि त्यावर ते चालतच नाही, उलट अंगातले जंतू औषधाला सरावतात. बोटाच्या थेंबावरच सीआरपी टेस्ट होते, म्हणजे इन्फेक्शनमध्ये रक्तात वाढणारं एक प्रोटीन मोजतात, आकडा कमी आला तर बॅक्टेरियाची शक्यता बरीच कमी, मग डॉक्टरलाही थांबायला आधार मिळतो. लघवीच्या इन्फेक्शनसाठी तर ४५ मिनिटांत कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल हे सांगणारी मशीन निघाली, तिला २०२४ मध्ये ब्रिटनचं लाँगिट्यूड प्राइज मिळालं. अशी टेस्ट आमच्या उपकेंद्रात यावी असं मनापासून वाटते.

भाच्याचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला, नुसत्या पॅरासिटामॉलवर. डब्यातली ती गोळी मी ताईसमोरच बाजूला काढली.