एकवीस दिवसांची चौकशी

जून २०२४. बाजरीच्या पेरण्या तोंडावर आल्या होत्या, आणि आमच्या पोलीस ठाण्याच्या बारनिशीतून, म्हणजे आवक-जावक टपालातून, माझ्या टेबलावर एक कागद आला. आमच्या बीटमधल्या एका गावचा सिद्धदोष बंदी येरवड्यात शिक्षा भोगतोय, त्याने संचित रजेचा अर्ज केलाय, तरी चौकशी करून अहवाल पाठवावा. असे कागद वर्षाला पाच-सहा येतात. नोकरीच्या एकोणीस वर्षांत मी कितीतरी हातावेगळे केले असतील.

संचित रजा म्हणजे फर्लो. लोक फर्लो आणि पॅरोल एकच समजतात, पण तसं नाही. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. तिला घरातलं आजारपण, बाळंतपण, मयत असं कारण लागतं आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. फर्लोला कारण लागत नाही. वर्षानुवर्षं आत राहिलेला माणूस घरादारापासून पार तुटू नये म्हणून कारागृहाच्या नियमांत ही रजा ठेवली आहे, आणि ती शिक्षेतच मोजली जाते. मंजुरी कारागृहाचे उपमहानिरीक्षक देतात. पण ते बघणार काय, तर आम्ही गावातून लिहून पाठवलेला अहवाल.

आणि तिथंच मला एक कबूल करायचंय. या अहवालात लिहायचं एक वाक्य आमच्याकडे वर्षानुवर्षं तयार असतं : 'सदर बंद्यास रजेवर सोडल्यास गावात शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' हे लिहिलं की आपण मोकळे. उद्या काही झालं तर आपल्यावर बालंट येत नाही. अशा ठोकळेबाज शेऱ्यांवरून नाकारलेल्या रजा उच्च न्यायालयाने अनेकदा दिल्या आहेत, हे मला माहीत होतं. तरीही ते वाक्य मी लिहिलेलं आहे, दोनदा तर गावात न जाता.

या वेळी गेले, कारण प्रकरण नाजूक होतं. बांधावरून भांडण, रागाच्या भरात डोक्यात फावड्याचा दांडा, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात समोरचा गेला. कलम ३०४ भाग दोन, म्हणजे सदोष मनुष्यवध, आठ वर्षं. त्यातली साडेचार भोगून झाली होती. मयताचं घर त्याच आळीत, रस्त्याच्या पलीकडं. शेतही बांधाला बांध लागून.

पोलीस पाटलांना बरोबर घेऊन मी आधी बंद्याच्या घरी गेले. बायको तिशीपस्तिशीची. मला वर्दीत बघून दारातच म्हणाली, "मॅडम, आत या. भाईर सगळी बघत्यात."

जबाबाचे प्रश्न ठरलेले. रजेवर आल्यास सांभाळ कराल का? मुदत संपल्यावर वेळेत हजर कराल का? जामीन कोण राहणार? माणूस वेळेत परत गेला नाही तर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम २२४ चा गुन्हा आमच्याच ठाण्यात दाखल व्हायचा आणि त्याला शोधायला पहिली धाव याच घरात मारावी लागायची, म्हणून हे खोदून विचारायचं. ती प्रत्येकाला "व्हय" म्हणत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. व्हिडिओ मुलाखतीची वेळ मिळाल्याचा मेसेज होता. तिनं मेसेज वाचला, मला "एक मिनिट" म्हणाली आणि फळीवरून शंभर पानी वही काढून त्यात तारीख टाकली.

मी वही बघायला मागितली. चौकशीशी तिचा संबंध नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तिनं लगेच दिली.

प्रत्येक मुलाखतीचं एक पान होतं. वर तारीख, खाली आकडे घालून ओळी. 'थोरल्याला दहावीला ७१ टक्के. मोटर जळालेली, दुरुस्त झाली. धाकटीला चष्मा लागला, छान दिसतो. वन्संना मुलगी झाली.' आणि मधल्या कितीतरी ओळी खोडलेल्या. पेनाने अशा गिरवल्या होत्या, की कागद पलीकडून उमटला होता. त्यातल्या काही तरीही वाचता येत होत्या. 'आत्याबाई न्हाणीत पडल्या.' 'सोसायटीची नोटीस आली.' 'थोरला शाळेत मारामारी करून आला.'

"हे का खोडलं?"

"पाच-धा मिनिटं मिळत्यात. त्यात नेट अडकतं. आधी सगळं लिवायचं आन् मग काय सांगायचं न्हाई ते खोडायचं," ती म्हणाली. "त्येंनी तिथं बसून काय करायचं? नुसती झोप जायाची."

साडेचार वर्षांची ती तिसरी वही होती. वहीतल्या त्या व्हिडिओ मुलाखतींखेरीज ती एसटीने पुण्याला जाऊन समोरासमोर भेटायची. आधी दोन-तीन महिन्यांतून एकदा, २०२३ च्या मार्चमध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून जास्त वेळा. पहाटेची गाडी, येरवड्याला रांग, नाव पुकारेपर्यंत थांबायचं, जाळीपलीकडून काही मिनिटं बोलायचं आणि रात्री परत. दुसऱ्या दिवशी रोजंदारीला हजर.

माहेरचे काडीमोड घे म्हणून मागं लागले होते, हे मला पोलीस पाटलांनी वाटेत सांगितलं होतं. मी तिला विचारलं. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मारलं ते मारलंच, मॅडम. मी कुणाला न्हाई म्हणत न्हाई. तिच्या लेकरांचा बाप गेला. पर माझा जीव हाय त्येंच्यात. त्येला काय करू?"

आमच्या भागात बाई नवऱ्याबद्दल असं परक्यासमोर बोलत नाही. पोलीस पाटील उठून अंगणात गेले.

मग मी रस्ता ओलांडून मयताच्या घरी गेले. त्याची बायको सोप्यात सुपात बी निवडत बसली होती. मी कागद समजावून सांगितला. तुमची हरकत असेल तर तशी नोंदवते, म्हणाले. ती ओरडेल, रडेल, निदान शिव्या तरी देईल अशी माझी तयारी होती. तिनं एवढंच विचारलं, "किती दिवस?"

"एकवीस."

सुपातले खडे बाजूला काढत ती हिशेब करत राहिली. "माझी हरकत लिवू नका. मागनं गावात वैर नको वाढायला. मी लेकरं घिऊन तेवढे दिवस माह्यारी जाती." आणि मग जरा थांबून, "फकस्त पेरणी कोण करंल त्ये बघावं लागंल."

माझ्या हातात पेन तसंच राहिलं. कागदावर हे अगदी सोयीचं होतं. हरकत नाही, शांतता भंगाचा प्रश्न नाही, अहवाल अनुकूल. पण ज्या बाईचा नवरा गेला, तिनंच ऐन पेरणीत घर सोडायचं? हे माझ्या नावानं लिहून पाठवायला मन तयार होईना. आणि प्रतिकूल लिहायचं म्हटलं, की ती वही डोळ्यांपुढं येई. शांततेचं ते तयार वाक्य इतकी वर्षं लिहिताना त्यामागं अशी दोन घरं असतात, याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

मी पुन्हा रस्ता ओलांडला आणि पलीकडं झालेलं बोलणं बंद्याच्या बायकोला जसंच्या तसं सांगितलं. तसं सांगावं की नाही, हे नियमात कुठं लिहिलेलं नाही. मला सांगावंसं वाटलं.

ती चुलीपुढं बसली होती. ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही.

"तिनं का जायाचं?" ती शेवटी म्हणाली. "मी जाती."

तिनं तिथंच नणंदेला फोन लावला. नणंद शेजारच्या तालुक्यात दिलेली. "वन्सं, दादांना एकवीस दिवस तुमच्याकडं ठिवून घ्याल का? मी लेकरं घिऊन येती. गावात नको." पलीकडून नणंदेच्या नवऱ्याचा आवाज आला. आधी कुरकूर होती, घरात तान्हं पोर, लोक काय म्हणतील. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "जामीन मी ऱ्हातो. पर तारखेला परत गेला पायजेल."

"मी सवता गेटापातुर सोडून येती," ती म्हणाली.

मी अहवालात लिहिलं ते असं : मयताच्या घराशेजारी वास्तव्य नको, बंद्याने बहिणीच्या गावचा पत्ता दिल्यास आमच्या ठाण्याची हरकत नाही, तिथं राहून त्याने तिकडच्या ठाण्यात हजेरी द्यावी. साहेबांनी वाचून विचारलं, "एवढं लांब कशाला लिहिलंय?" मी दोन्ही घरं सांगितली. त्यांनी सही केली.

पुढं कागदांचा प्रवास झाला. पत्ता बदलण्याचा अर्ज त्याने आतून केला, तिकडच्या ठाण्याने नव्याने चौकशी केली, त्यात दोन-अडीच महिने गेले. पेरण्या होऊन बाजरी कणसावर आली तेव्हा रजा मंजूर झाली. हद्द आमची नसल्यामुळे त्या माणसाला मी पाहिलंसुद्धा नाही. तारखेला हजर झाला, एवढं कळलं.

दिवाळीच्या आधी आठवडी बाजारात बंदोबस्ताला होते. ती मला शोधत आली. हातातल्या पिशवीत पणत्या होत्या. बरोबरच्या धाकट्या मुलीला खरंच चष्मा छान दिसत होता.

"वहीत खोडलेलं सगळं सांगितलं का?" मी विचारलं.

"सांगितलं. आत्याबाईंचं, सोसायटीचं, सगळं. रातरातभर बोललो." मग पोरीला भेळवाल्याकडं पाठवून ती हळू आवाजात म्हणाली, "एक न्हाई सांगितलं. आपल्या घरी का न्हाई जायाचं म्हनून लई इचारत हुते. ती बाई घर सोडून निघाली हुती, हे सांगितलं आस्तं तर त्येंनी आत जाऊन जिवाला लावून घेतलं आस्तं. म्हून म्या तुमच्यावर ढकललं. पोलिसांनी गावात येऊ दिलं न्हाई, म्हनलं. चाललं का, मॅडम?"

"चाललं," मी म्हणाले.