तुम्ही विचारलंत म्हणून: प्रार्थना करून काही मिळतं का?

मी ख्रिस्ती आहे हे कळलं की ऑफिसात कोणीतरी हे विचारतंच. आमच्या मंडळीतली (चर्चमधली) कॉलेजची पोरंही विचारतात, फक्त पाळकसाहेब आसपास नसताना. अशा वेळी मी जॉर्ज म्युलर यांच्याबद्दल सांगतो.

जन्म 1805, प्रशियातला (आताच्या जर्मनीतला). वडिलांच्या पैशांना हात लावून झालेला, सोळाव्या वर्षी लॉजचं बिल बुडवलं म्हणून तुरुंगवारीही झालेली. 1825 मध्ये हाले गावातल्या एका घरगुती प्रार्थनासभेत मन पालटलं. पुढे इंग्लंडात उपदेशक झाले, 1830 मध्ये बांधील पगार सोडला आणि 1836 मध्ये ब्रिस्टलला भाड्याच्या घरात अनाथ मुलींसाठी आश्रम काढला. हयातीत सुमारे 10,000 मुलं सांभाळली. माणसांकडे मागायचं नाही, उधारी करायची नाही, अडचण फक्त देवाला सांगायची, हा नेम.

नाश्त्याला काही नसताना दारात पाववाला उभा राहिला, ही गोष्ट संडे स्कूलमध्ये सगळ्यांनीच ऐकलेली असते. मला 1841 ची गोष्ट जास्त पटते. वार्षिक अहवालाची वेळ आली आणि तिजोरीत खडखडाट. अहवाल वाचला की लोक पैसे देणार, हे उघड होतं. म्हणून म्युलर यांनी तो मुद्दाम काही महिने लांबवला! (आपल्याकडे पावतीपुस्तक आधी छापतात.) एकेकाळी बिल बुडवणारा हा माणूस आलेल्या पैशाचा हिशेब मात्र काटेकोरपणे छापायचा.

शिवाय प्रार्थना त्यांनाही सोपी नव्हती. सकाळी उठल्या उठल्या प्रार्थनेला बसलो की पहिली दहा-पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास, मन भरकटतं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. मग त्यांनी आधी शास्त्र (बायबल) वाचायचं, त्यावर मनन करायचं आणि मग देवाशी बोलायचं असा क्रम लावला. हे वाचून मला केवढा धीर आला! मीही तसंच करतो. तरी सिंहगड रोडचं ट्रॅफिक मध्ये येतंच.

आणि सगळं लगेच मिळालं असंही नाही. 1844 पासून ते पाच जणांच्या तारणासाठी, म्हणजे त्यांनी ख्रिस्तावर विश्वास ठेवावा म्हणून, रोज प्रार्थना करत होते. पहिल्याला दीड वर्ष लागलं, दुसऱ्याला आणखी पाच, तिसऱ्याला त्यावर सहा. उरलेल्या दोघांसाठी 36 वर्षांनंतरही प्रार्थना चालूच होती.

"ते ब्रिस्टलचं झालं, इथलं सांगा," असं कोणी म्हटलं, तर पुण्याहून दौंडच्या गाडीत बसा आणि केडगावला उतरा. पंडिता रमाबाईंनी म्युलर यांचं चरित्र वाचलं होतं आणि भारतातही असा भरवसा ठेवता येईल का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला होता. 1896-97 च्या दुष्काळातल्या मुलींना त्यांनी आसरा दिला, त्यातूनच तिथलं मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे प्रार्थनेबरोबर शेती होती, विहिरी होत्या, छापखाना होता.

म्युलर यांची रोजनिशी वाचायची असेल, तर आधी 1838 ते 1846 ची पानं काढा. ती सगळी ओढाताणीची वर्षं आहेत.