क्लचचे सहा एमएमचे बोल्ट: अखेर खरा १२ सापडला

क्लच बसला! लिफ्टर प्लेटचे (क्लचच्या स्प्रिंगा दाबून धरणाऱ्या प्लेटचे) चारही बोल्ट एकसारखे कसले गेलेत, आणि ते किती कसलेत हे आता मी छातीठोकपणे सांगू शकतो. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा स्प्लेंडरची उजवी बाजू उघडी होती, नव्या प्लेटा इंजिन ऑइलमध्ये भिजत होत्या आणि सगळं काम टॉर्क रिंचवर, म्हणजे ठरवलेला पीळ (टॉर्क) बसला की क्लिक करणाऱ्या पान्यावर, येऊन अडलं होतं.

होंडाच्या मॅन्युअलांत सहा एमएमच्या साध्या बोल्टला १० न्यूटन मीटर आणि फ्लँजवाल्याला (डोक्याखाली वॉशरसारखी कड असलेल्याला) १२ असा सर्वसाधारण आकडा असतो. माझा अर्धा इंची रिंच २८ पासून सुरू होतो, म्हणजे या कामाला तो निरुपयोगीच. त्याच्या लांब दांड्यावर नुसता हात टेकला तरी ॲल्युमिनियमचे आटे बाहेर येतील. म्हणून ५ ते २५ चा पाव इंची रिंच ऑनलाइन मागवला. दिसायला देखणा, सोबत कसलंसं सर्टिफिकेटही आलं. पण १२ वर लावून व्हाइसमधल्या (टेबलावरच्या शिकंज्यातल्या) जुन्या बोल्टावर चालवला, तेव्हा क्लिक यायच्या आधीच मनगट सांगत होतं की हे जास्त होतंय.

रिंच खोटं बोलतोय की मनगट, हे ठरवायला इथे रत्नागिरीत मला कॅलिब्रेशनवाला मिळाला नाही. उत्तर मिळालं ते मिरकरवाड्यात, मासळी बंदरावर. ओळखीच्या एका दादाकडे मासे तोलायचा हुकाचा स्प्रिंग काटा लटकत होता. तो बघितला आणि डोक्यात गणित सुटलं. जुन्या मॅन्युअलांत टॉर्क किलो-मीटरमध्ये (किलोची ओढ गुणिले मीटरमधलं अंतर) देतात: १२ न्यूटन मीटर म्हणजे जवळजवळ १.२ किलो-मीटर. म्हणजेच २० सेंटिमीटरवर ६ किलोची ओढ! आणि १० साठी ५ किलो. दादांनी काटा लगेच दिला, वर "बोल्ट तोलतोस काय रे?" म्हणून कौतुकाने विचारलं.

आधी काटा तपासला. एक लिटर पाण्याच्या बाटल्या पिशवीत घालून टांगल्या, रिकाम्या पिशवी-बाटल्यांचं वजन वजा केलं. काटा चोख निघाला. मग रिंचचा चौकोनी ड्राइव्ह (सॉकेट बसतो तो खुंट) खाली करून व्हाइसमध्ये असा धरला की दांडा आडवा फिरेल, म्हणजे रिंचचं स्वतःचं वजन हिशेबात येत नाही. ड्राइव्हच्या मध्यापासून मुठीवर २० सेंटिमीटर मोजून खूण केली, तिथे सुतळीचा फास, त्यात काट्याचा हूक, आणि दांड्याशी काटकोन ठेवून सावकाश ओढ. पडून राहिलेल्या रिंचचे पहिले काही क्लिक जड येतात, ते मोजायचे नाहीत. त्यानंतर १२ वर लावलेला रिंच ७ किलोला क्लिक झाला, पुन्हा पुन्हा तिथेच. म्हणजे प्रत्यक्षात १४ च्या आसपास! मनगट खरं बोलत होतं. रिंचवरचा आकडा खाली आणत ६ किलोला क्लिक मिळाला तिथे नेलपॉलिशची रेघ मारली, ५ किलोला दुसरी. माझ्यापुरती आता तीच पट्टी. पाव इंची रिंच घेणाऱ्यांना माझं सांगणं हेच, की सर्टिफिकेट बाजूला ठेवा आणि काटा लावा.

लिफ्टर प्लेट मग सुरळीत बसली. बोल्ट आधी बोटांनी. उलटा फिरवत न्यायचा, आटा आट्यात पडल्याची बारीक टक् बोटाला कळते, मग सुलटा. स्प्रिंगचा दाब चारही बाजूंनी सारखा यायला हवा म्हणून समोरासमोरचे बोल्ट दोन-दोन फेरे. हब (क्लचचा मधला भाग) फिरू नये म्हणून टॉप गिअर, आणि ब्रेकचं पेडल काढलेलं असल्याने धाकट्या भावाने मागच्या ब्रेकचा रॉड हाताने ओढून धरला. १२ च्या रेघेवर चार क्लिक. फार बरं वाटलं!

क्लचवरच्या कव्हरच्या बोल्टांचं मात्र केसिंगमधलं एक भोक रडवत होतं. खालच्या कोपऱ्यातलं, आधीच्या गॅरेजमध्ये कधीतरी दाबून कसलेलं. वरचे आटे चकचकीत झिजलेले. हेलिकॉइल (झिजलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची नवी आट्यांची गुंडाळी) बसवायचं ठरवून मी मिरजोळे एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे निघालोही होतो, पण आधी माडाच्या झाडूचा हीर भोकात घालून खोली मोजली. भोक जुन्या बोल्टापेक्षा ८ एमएम जास्त खोल, आणि तळाशी कोरे आटे! ५ एमएम लांब बोल्ट घेतला, तळाला टेकणार नाही याची खात्री केली. बंद भोकात तेल साचलेलं असेल तर बोल्ट ते दाबतो आणि केसिंगला तडा जाऊ शकतो, म्हणून कापसाने भोक कोरडं केलं. तेलकट आट्यांवर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, हेही एक कारण आहेच. १० च्या रेघेला क्लिक आला आणि बोल्ट धरून राहिला. हेलिकॉइल रद्द.

कव्हरला सगळीकडे स्टेनलेसचे ॲलन बोल्ट लावायचे, असं मी मागे जाहीर केलं होतं. तो बेत लिहिता लिहिताच बदलतोय. जुने बोल्ट काढताना आट्यांत जी पांढरी भुकटी निघाली ती खाऱ्या वाऱ्याची करणी, आणि स्टेनलेस शेजारी आला की खारट ओलीत ॲल्युमिनियम आणखी लवकर खाल्लं जातं. तेव्हा झिंक प्लेटिंगवाले ८.८ ग्रेडचे पोलादी बोल्टच राहतील. गंजले तर बदलू, बोल्ट स्वस्त आहे, केसिंग नाही.

पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचलाय, लांबीचा घोळ नको. नवं पॅकिंग आलं की कव्हर चढेल, क्लचच्या लिव्हरला १० ते २० एमएम खेळ ठेवेन आणि गाडी आंबा घाटात नेईन. चढावर क्लच घसरतो की नाही ते तिथेच कळेल.