बॉस्टनचं सुप्रीम कोर्ट आणि सेलमचे २० दगड

मुलगी बॉस्टनजवळ राहते, ह्या वेळी ऑक्टोबरमध्ये तिच्याकडे गेलो होतो. बाबा आधी काय बघायचं, असं तिने विचारल्यावर मी लगेच कोर्ट म्हणालो. जिल्हा न्यायालयात नोकरी झाली, त्यातली कितीतरी वर्षं बेंच क्लार्क म्हणून, त्यामुळे नवीन गावात गेलो की तिथलं कोर्ट बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि हे तर बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्सचं सुप्रीम ज्युडिशियल कोर्ट, तिथले लोक एसजेसी म्हणतात, १६९२ साली सुरू झालेलं. अमेरिका नावाचा देश व्हायच्या ८४ वर्षं आधी!

सुप्रीम कोर्ट म्हटलं की आपल्याला वॉशिंग्टनचं आठवतं, पण तिथे प्रत्येक राज्याची स्वतःची राज्यघटना असते आणि स्वतःचं सर्वोच्च न्यायालय असतं. आपल्या हायकोर्टासारखं म्हणावं तर तसंही नाही, आपल्या हायकोर्टाच्या वर दिल्ली आहेच, इथे मात्र प्रश्न निव्वळ राज्याच्या कायद्याचा असेल तर ह्याच कोर्टाचा शब्द शेवटचा, वॉशिंग्टनला जायची सोयच नाही.

गव्हर्न्मेंट सेंटर स्टेशनला उतरलो, समोर एक लांबलचक वळणदार बिल्डिंग आहे, तिच्या मधून पायऱ्या चढून गेलं की मागे पेम्बर्टन स्क्वेअर आणि तिथे जॉन अॅडम्स कोर्टहाऊस. बॅग मशीनमधून गेली, पुढे ग्रेट हॉल, मान वर करून बघत राहावं असं उंच छत. सकाळी ९ ला कामकाज सुरू होतं, आत जाऊन बसायला कोणालाही मुभा आहे.

आणि मग पुकारा झाला. मी आयुष्यभर पट्टेवाल्याचा पुकारा ऐकलाय, अमुक वल्द तमुक हाजिर है, पण इथे सगळे उभे राहिले आणि कोर्ट ऑफिसरने खणखणीत आवाजात तीन वेळा ऐका हो म्हटलं, ज्यांचं काम आहे त्यांनी जवळ या, तुमचं ऐकलं जाईल, आणि शेवटी देव ह्या राज्याचं रक्षण करो. ते "तुमचं ऐकलं जाईल" ऐकून खरंच अंगावर काटा आला. सात न्यायमूर्ती येऊन बसले, मध्ये मुख्य न्यायमूर्ती किम्बर्ली बड, २०२० पासून त्या ह्या पदावर आहेत आणि इथवर पोचलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला आहेत.

पहिलंच मॅटर खुनाचं अपील होतं. फर्स्ट डिग्री मर्डरमध्ये, म्हणजे सगळ्यात गंभीर प्रकारच्या खुनात शिक्षा झाली की अपील थेट इथेच येतं, आणि मग कोर्ट फक्त वकिलाने काढलेले मुद्दे बघत नाही, अख्खं रेकॉर्ड स्वतः तपासतं. प्रत्येक बाजूला साधारण १५ मिनिटं. वकीलबाई उठल्या, दोन वाक्यं झाली नसतील तर डावीकडून प्रश्न आला, त्याचं उत्तर देतायत तोवर उजवीकडून दुसरा, पोलिसांनी मोबाईल उघडला तेव्हा वॉरंट हातात होतं का नव्हतं ह्यावरच सगळा वेळ गेला. कागद सगळ्यांनी आधीच वाचलेले, त्यामुळे वाचून दाखवणं हा प्रकारच नाही. निकालही साधारण १३० दिवसांत द्यायचा असा त्यांनी स्वतःला दंडक घालून घेतलाय. आमच्याकडे बोर्डावर दिवसाला किती मॅटर असतात ते मला माहीत आहे त्यामुळे तुलना करणार नाही, पण ते ऐकण्यातलं लक्ष मला फार आवडलं.

न्यायमूर्तींना इथे निवडून यावं लागत नाही (अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत लागतं), गव्हर्नर नेमतात, गव्हर्नर्स काउन्सिल मंजुरी देतं, आणि ७० वर्षांला निवृत्ती.

बाहेर आल्यावर बाकावर बसून मुलीला क्वॉक वॉकरची गोष्ट सांगितली. १७८० ची इथली राज्यघटना जॉन अॅडम्सने लिहिली, जगात आजही लागू असलेली सगळ्यात जुनी लिखित राज्यघटना हीच, आणि तिच्या पहिल्याच कलमात सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान असं वाक्य आहे. वॉकर हा गुलाम मालकाकडून निघून गेला, मालकाने पकडून मारलं, प्रकरण कोर्टात गेलं. १७८३ मध्ये मुख्य न्यायमूर्ती विल्यम कुशिंगने ज्युरीला सांगितलं की आपण हे वाक्य मान्य केलंय, मग गुलामगिरी त्यात बसतच नाही. १७९० च्या जनगणनेत ह्या राज्यात एकही गुलाम नोंदलेला नाही! एक वाक्य, आणि ते जसंच्या तसं वाचायची हिंमत.

पण हेच कोर्ट १८५० मध्ये चुकलं. सारा रॉबर्ट्स नावाच्या लहान काळ्या मुलीला घराजवळच्या गोऱ्यांच्या शाळा सोडून लांबच्या, काळ्या मुलांच्या शाळेत जावं लागायचं, ती केस रॉबर्ट मॉरिस आणि चार्ल्स समनर ह्या वकिलांनी लढवली आणि मुख्य न्यायमूर्ती शॉ यांनी वेगळ्या शाळा कायदेशीर ठरवल्या. पाच वर्षांनी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून ते बंद केलं, पण त्या निकालाचा दाखला १८९६ मध्ये वॉशिंग्टनच्या कोर्टाने वंशभेदाच्या बाजूने दिला. चुकीचा निकाल किती लांब जातो बघा. आणि २००३ मध्ये ह्याच कोर्टाने ४ विरुद्ध ३ मतांनी, ह्याच राज्यघटनेच्या आधारावर, समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला, देशात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी नॉर्थ स्टेशनवरून ट्रेनने सेलमला गेलो, अर्धा तास लागतो. गावभर चेटकिणींच्या टोप्या विकायला होत्या, आम्ही सरळ स्मारकाकडे गेलो, १६९२ मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून इथे ज्यांना मारलं त्यांच्या. जुन्या कब्रस्तानाला लागून दगडी भिंत, भिंतीतून बाहेर आलेले २० दगडी बाक, प्रत्येकावर नाव, तारीख आणि कसं मारलं ते. १९ जणांना फाशी, आणि जाइल्स कोरी ह्या म्हाताऱ्याला छातीवर दगड ठेवून ठेवून मारलं, त्याने गुन्हा कबूल नाही का नाकबूल नाही, काहीच सांगितलं नाही म्हणून. आत शिरताना पायाखालच्या दगडात त्या लोकांची आम्ही निर्दोष आहोत अशी वाक्यं कोरलीत आणि ती मध्येच भिंतीखाली जाऊन तुटतात. मी तिथे चप्पल काढायच्या बेतात होतो.

हे खटले चालवले ते गव्हर्नरने नेमलेल्या खास कोर्टाने. अमक्याचं भूत मला स्वप्नात छळतं, हा तिथे पुरावा! मग ते कोर्ट मोडलं आणि उरलेले खटले जानेवारी १६९३ मध्ये नव्या कोर्टापुढे आले, म्हणजे मी काल जिथे बसलो होतो त्याच कोर्टापुढे. भुताचा पुरावा बंद झाला आणि बहुतेक सगळे सुटले. त्याचा पहिला मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन, फाशी देणाऱ्या कोर्टाचाही मुख्य तोच होता, त्याने कधी चूक मानली नाही. त्याच्याच बेंचवरचा सॅम्युअल सेवॉल मात्र १६९७ मध्ये चर्चमध्ये भरल्या सभेत उभा राहिला आणि पाद्र्याने त्याची माफी वाचून दाखवली, दोष आणि लाज माझ्यावर घेतो म्हणून. हाच सेवॉल पुढे ह्या कोर्टाचा मुख्य न्यायाधीश झाला.

त्या जानेवारीत नव्या कोर्टातही तिघीजणी दोषी ठरल्याच. त्यातली एक एलिझाबेथ जॉन्सन, वय २२. गव्हर्नरमुळे फाशी टळली, पण नाव रेकॉर्डवर दोषी म्हणूनच राहिलं, नंतर इतरांची नावं वेळोवेळी निर्दोष म्हणून जाहीर झाली त्यात हिचं राहून गेलं. शेवटी आठवीच्या मुलांनी आणि त्यांच्या बाईंनी पाठपुरावा केला आणि २०२२ मध्ये विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवलं, ३२९ वर्षांनी.

मुलीने सगळे बाक वाचले आणि विचारलं की बाबा, हिचा कुठला? हिचा नाहीये गं, म्हटलं, बाक फक्त मेलेल्यांचे आहेत. मग तिने तिथे पडलेलं एक लाल मेपलचं पान उचललं आणि शेवटच्या बाकाच्या पुढे, जिथे नुसती भिंत आहे, तिथे ठेवलं.