तुम्ही विचारलंत म्हणून: ती मॅच मुद्दाम हरलात का?

नुसतं ‘नाही’ म्हणून पाहिलं. लोक हसतात. ‘असू दे हो, शेवटी जिंकलात ना!’ अशी वर समजूतही घालतात, आणि ती समजूत मला प्रश्नापेक्षा जास्त झोंबते. पाडव्याच्या कार्यक्रमात तर पंगतीत वाढता वाढता एका वहिनींनी विचारलं, ‘काय गं, हे डोकं कोणाचं? कोचचं, की तुमच्या नवरेमंडळींचं?’ हातात श्रीखंडाचं पातेलं होतं म्हणून गप्प बसले. आता एकदाच सगळं लिहून काढते.

घडलं ते एवढंच. मुलीच्या शाळेची बास्केटबॉल टीम सहा शाळांच्या लीगमध्ये तिसरी आली. लीगची शेवटची मॅच आम्ही आमच्याच जिममध्ये, आमच्याहून खालच्या टीमशी हरलो. त्यामुळे प्लेऑफला, म्हणजे लीगनंतरच्या बाद फेऱ्यांना, एक डिव्हिजन खाली गेलो, आणि ती डिव्हिजन जिंकलो. मुलींच्या जॅकेटवर आता चॅम्पियनचा पॅच आहे.

सदर्न कॅलिफोर्नियात ज्यांच्या मुली खेळतात त्यांना डिव्हिजनचा घोळ सांगायला नको. पुण्याहून फोनवर हाच प्रश्न विचारणाऱ्या माझ्या भावासाठी थोडं सांगते. पूर्वी शाळेच्या पटावरून डिव्हिजन ठरायची. मोठी शाळा वर, छोटी खाली. राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने, सीआयएफने, 2016-17 पासून बास्केटबॉलच्या राज्य पातळीवर पट बाजूला ठेवला आणि ताकद बघायला सुरुवात केली. सीआयएफच्या आमच्या भागात, सदर्न सेक्शनमध्ये, पाचशेहून जास्त शाळा. तिथे मागच्या दोन वर्षांच्या निकालांवरून डिव्हिजन ठरायची. म्हणजे थोरल्या बहिणीच्या मार्कांवरून धाकटीला तुकडी द्यायची, तसं. थोरली कॉलेजात गेली तरी धाकटी ‘अ’ तुकडीत मार खात बसलेली. त्यावर ओरड झाली, मग त्याच सीझनच्या कॉम्प्युटर रेटिंगवर डिव्हिजन पाडायला लागले. सगळ्यात वरची ओपन, मग वन, टू-डबल-ए, टू-ए अशा करत करत दहा डिव्हिजन झालेल्या मी पाहिल्या आहेत. रेटिंगच्या उतरंडीत कुठेतरी रेघ मारली जाते आणि रेघेच्या वर शेवटचं असण्यापेक्षा खाली पहिलं असणं फायद्याचं होतं. हे कळायला गणिताची पदवी लागत नाही.

मुलगी नववीत होती तेव्हा मी पटसंख्येच्या बाजूने तावातावाने भांडायचे. दोन हजार मुलांच्या शाळेने तीनशे मुलांच्या शाळेशी खेळू नये, यात न कळण्यासारखं काय आहे, असं म्हणायचे. तेव्हा एका जुन्या रेफरीने मला 2015 च्या जानेवारीतली सॅन बर्नार्डिनो भागातली मॅच सांगितली. अरोयो व्हॅली विरुद्ध ब्लूमिंग्टन, मुलींची मॅच, स्कोअर 161-2. हाफटाइमलाच 104-1. जिंकणाऱ्या कोचला दोन मॅचसाठी निलंबित केलं होतं. दोन्ही सरकारी शाळा, एकाच काउंटीतल्या. पट बघून ही मॅच कोणी अडवली असती?

मुलींच्या बास्केटबॉलमध्ये ही दरी मुलांपेक्षा खोल असते. क्लबमध्ये वर्षभर खेळणाऱ्या मुली मोजक्याच, आणि त्यातली एक उंच, चपळ मुलगी एखाद्या शाळेत आली की तिथलं सगळं चित्र पालटतं. पुढे ऑलिम्पिक गाजवणाऱ्या लिसा लेस्लीने 1990 मध्ये मॉर्निंगसाइड हायस्कूलकडून एका हाफमध्ये 101 गुण केले, आणि समोरची टीम दुसऱ्या हाफला उतरलीच नाही. शिवाय इथे मुलींना तीस सेकंदांचं शॉट क्लॉक आहे, म्हणजे तेवढ्या वेळात बास्केटकडे बॉल मारावाच लागतो. दया आली म्हणून बॉल नुसता हातात धरून वेळ काढायचीही सोय नाही.

‘हे सगळं प्रायव्हेट शाळांमुळे’ असंही पालक म्हणतात. मीही म्हटलंय, पार्किंग लॉटमध्ये, मोठ्या आवाजात. पण 2023 आणि 2024 ची राज्याची ओपन फायनल बघा. दोन्ही वर्षी इटिवांडा या सरकारी शाळेच्या मुलींनी सॅन होजेच्या आर्चबिशप मिटी या प्रायव्हेट शाळेला हरवलं. त्यामुळे ताकदीवर डिव्हिजन पाडण्याच्या मी हळूहळू बाजूने झाले. ती मॅच झाली तोवर पुरती झाले होते.

आता ती मॅच.

सीनियर नाइट होती. बारावीच्या मुलींची घरच्या कोर्टवरची शेवटची मॅच. एरवी बेंचवर असणाऱ्यांनाही त्या दिवशी सुरुवातीच्या पाचांत घेतात, ही इथली जुनी रीत. माझी मुलगी त्यातलीच. चार वर्षं टीममध्ये, आणि कोर्टवर बहुतेक मॅच ठरून गेल्यावरची शेवटची दोन मिनिटं. मी स्कोअरबुक लिहिते. घरच्या टीमचं बुक हेच अधिकृत बुक, म्हणून टेबलावर बसणाऱ्याने टाळ्या वाजवायच्या नसतात, ओरडायचं नसतं. त्या दिवशी पाच मिनिटं टेबल सोडून मुलीबरोबर कोर्टच्या मधोमध गेले, फुलं घेतली, फोटो काढला आणि परत येऊन पेन्सिल उचलली.

त्याआधी बाहेर एक बाबा लॅपटॉप उघडून उभे होते. नाव सांगत नाही, आम्ही त्यांना एक्सेलवाले म्हणतो. जिंकलो तर वरच्या डिव्हिजनच्या तळाशी जाऊ आणि पहिलीच मॅच दोन तास लांब, तगड्या टीमशी. हरलो तर खालच्या डिव्हिजनमध्ये वरचं सीड, म्हणजे मानांकन, आणि मॅच घरी. आठ-दहा पालकांनी ऐकलं. मीही ऐकलं, आणि आकडेमोड बरोबर आहे हे मला कळत होतं. कोचच्या कानावर गेलं का, मला माहीत नाही.

पहिला क्वार्टर 8-19. माझ्या मुलीने ज्या मुलीला धरायचं होतं, तिने त्यात नऊ गुण केले. तेही मीच लिहिले. दुसऱ्या क्वार्टरला नेहमीच्या मुली आत आल्या, हाफटाइमला 20-27. तिसरा संपला तेव्हा 37-39. जिम दणाणत होतं. चौथ्या क्वार्टरची सहा मिनिटं दहा सेकंद उरलेली असताना आमच्या पॉइंट गार्डचा, म्हणजे बॉल वर आणून खेळ मांडणाऱ्या मुलीचा, चौथा फाउल झाला. पाचव्याला बाहेर. कोचने तिला बसवलं, आणि तिच्या जागी माझ्या मुलीला पाठवलं.

मुलगी घाबरली नाही. एक थ्री-पॉइंटर मारला, नंतर एक ले-अप. त्या रात्रीचे तिचे एकूण सात गुण, तिचे आजवरचे सगळ्यात जास्त. पण बॉल वर आणताना तिच्याकडून तो तीनदा गेला. पॉइंट गार्ड परत आत आली तेव्हा पन्नास सेकंद उरली होती. 46-53. एक्सेलवाले टेबलापाशी आले आणि अंगठा दाखवून गेले.

मला मॅच मुद्दाम हरल्याच्या आरोपाचं काही वाटत नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगते. खोटं आहे ते. तुम्ही ‘मुद्दाम हरलात का’ विचारता तेव्हा पुरावा काय देता? ‘तिला घेतलं ना शेवटी!’ म्हणजे माझी मुलगी कोर्टवर असणं हाच पुरावा. शाळेत कुणीतरी हेच बोललं. दोन दिवसांनी गाडीत सीटबेल्ट लावता लावता तिने विचारलं, ‘आई, म्हणजे मला घेतलं ते हरायला?’

मी म्हटलं, अगं, सीनियर नाइट होती. तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

त्या रात्री जुनं स्कोअरबुक काढून बसले. चौथा फाउल झालेल्या मुलीला हे कोच दर वेळी बसवतात. तेवढ्यावर वहिनींना तोंडावर उत्तर देता आलं असतं. पण त्याच बुकात हेही आहे की बाकीच्या मॅचमध्ये त्यांनी तिला तीन-साडेतीन मिनिटं उरली असताना परत आणलं होतं. आणि तिच्या जागी दर वेळी दहावीतली दुसरी एक मुलगी जायची, माझी कधीच नाही.

प्लेऑफला आम्ही घरच्या मॅच आरामात जिंकलो. फायनलला समोर एक छोटी शाळा, बेंचवर तीनच मुली. 24 गुणांनी जिंकलो. शेजारी त्यांच्या बाजूचं बुक लिहिणारी बाई बसली होती. तिने सहज विचारलं, लीगमध्ये तुम्ही कितवे? मी म्हटलं, तिसरे. ती म्हणाली, आम्ही पहिले. मग तिने अभिनंदन केलं, अगदी मनापासून. मला तिच्याकडे बघवेना.

तिच्या मुलींवर अन्याय झाला का? रेटिंगमध्ये त्या आमच्यापासून फार लांब नव्हत्या, म्हणजे व्यवस्थेच्या हिशेबाने मॅच बरोबरीचीच. आणि आम्ही वर गेलो असतो तर? पहिल्या फेरीत वीस-पंचवीसने हरून रात्री अकराला बसमधून परत. ते न्याय्य आणि हे अन्याय्य, असं मला छातीठोक म्हणता येत नाही. उलटंही म्हणता येत नाही.

नवऱ्याला मी म्हटलं, रेटिंग शेवटच्या मॅचच्या आठवडाभर आधी गोठवावं. तो म्हणाला, मग त्या आठवड्याच्या आधीची मॅच लोक सोडतील. मग म्हटलं, रेघेजवळच्या टीमला वर जायचं की खाली ते स्वतः निवडू द्यावं. त्यावर आमचं जे भांडण झालं ते इथे सांगत नाही.

आता तुमच्यातले काही म्हणतील, एवढं आहे तर कोचलाच विचार. मुलगी आता कॉलेजात आहे, कोच अजून त्याच शाळेत आहेत, दुकानात भेटतात, तिची चौकशी करतात. विचारायला काहीच हरकत नाही. पण ‘हो’ म्हणाले तर ते मला घरी जाऊन सांगावं लागेल, आणि ‘नाही’ म्हणाले तर मी पुन्हा ते बुक उघडून बसेन.